फोटोसाठी पुन्हा घेतलेला पाठ

आज दुपारी आमच्या शाळेतील एका तरुण सहकाऱ्याने चौथीच्या वर्गात एकच पाठ दोनदा घेतला. पहिल्यांदा घेतला तेव्हा मुले खरोखर रंगली होती. ओढ्याकाठून गोळा करून आणलेल्या दगडांची वर्गवारी करताना एका ढेकळाला दगड म्हणायचे की माती, यावरून दोघांची जुंपली होती आणि सर त्यांच्यामध्ये उकिडवे बसून दोघांचेही ऐकून घेत होते. नंतर लक्षात आले की मोबाईलवर काढलेले फोटो अंधूक आले आहेत आणि मागचा फलक त्यांत दिसतच नाही. मग दगड पुन्हा एकत्र मिसळले, फलक सरकवला, मुलांना उंचीप्रमाणे बसवले आणि तोच पाठ फोटोसाठी पुन्हा झाला, कारण आदर्श शिक्षक पुरस्काराच्या प्रस्तावाला उपक्रमाची छायाचित्रे जोडायची आहेत. दुसऱ्या वेळी वर्गात कोणीही भांडले नाही.

मला त्या सरांचा राग आलेला नाही. ते मनापासून शिकवतात, हे मी रोज पाहते. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या मानधनी शिक्षकाच्या पदावर, त्यांनी महिना 6,000 रुपयांवर दिवस काढले आहेत. प्राथमिकचे ते मानधन 16,000 झाले ते 2023 मध्ये. असा माणूस स्वतःच्या चांगल्या कामाची फाईल तयार करायला बसतो, कात्रणे चिकटवतो, सरपंचांचे शिफारसपत्र मिळवायला दोन वेळा त्यांच्या घरी जातो, तेव्हा त्याच्याकडून आपण काय काढून घेत आहोत याचा विचार ही पद्धत ठरवणाऱ्यांनी कधी केला आहे का? चांगल्या शिक्षकाने ‘मी चांगला आहे’ असा अर्ज स्वतः करायचा, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटते.

हे पाहताना मला आमच्या शाळेतून पुढे गेलेल्या एका मुलीची आठवण आली. तिचे आईवडील ऊसतोडीला जात आणि हंगामभर ती आजीजवळ राहत असे. मधल्या सुट्टीत वाचनपेटीजवळ ती हमखास दिसायची. पक्ष्यांवरचे एक जाडजूड पुस्तक तिने कितीतरी दिवस सोडले नव्हते. एके दिवशी ते घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, हे चित्र चुकलंय. सुगरणीच्या खोप्याचं तोंड खाली असतं.” त्यांच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला खोपे लटकलेले असत, त्यामुळे तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. छापील पुस्तकाला चूक म्हणण्याचे धाडस चौथीतल्या मुलीला कुठून येते, याचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षणात मला मिळालेले नाही. ते त्या विहिरीवर आणि त्या पुस्तकात घालवलेल्या वेळातून आले होते, एवढेच मी सांगू शकते.

त्याच वर्षी वरून वाचनस्पर्धा आली. भिंतीवर तक्ता लागला, नावांपुढे चांदण्या चिकटू लागल्या आणि सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. आठवडाभरात त्या मुलीने मला विचारले, “बाई, जाड पुस्तक वाचलं तरी एकच धरतात का?” नियमाप्रमाणे एकच धरत होते. त्यानंतर ती आठ-दहा पानांची पुस्तके उचलू लागली, एकामागून एक संपवू लागली आणि अखेरीस पहिली आली. तिला प्रमाणपत्र आणि कंपासपेटी मिळाली, टाळ्या वाजल्या. स्पर्धा संपल्यावर मात्र वाचनपेटी उघडी असली तरी ती मधल्या सुट्टीत तिकडे फिरकत नव्हती.

आंतरिक प्रेरणा (कामाचीच गोडी) आणि बाह्य प्रेरणा (बक्षिसाची ओढ) यांतील फरक डी.एड. करताना आपण सर्वांनी पाठ केला आहे. तरीही प्रत्येक नवे अभियान आले की तोच तक्ता भिंतीवर चढतो आणि तीच गुणदान पद्धत शिक्षकांपर्यंत पोहोचते. मुलाला चांदणी आणि शिक्षकाला सन्मानचिन्ह. दोघांचेही लक्ष कामावरून उठून मोजमापावर जाते आणि आपण त्याला उत्साह म्हणतो. याची चीड येते ती यासाठी की यात नुकसान होते ते आधीच मन लावून काम करणाऱ्यांचे. ज्याला कशातच रस नाही, त्याचे या तक्त्यामुळे काही बिघडत नाही.

आता कोणी म्हणेल की बक्षिसांचा उपयोग होतोच. होतो. आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांत मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला तेव्हा मुलांचे गुण वाढले होते, हे मला माहीत आहे. 2020 मध्ये परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. मात्र त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला, हे मला पुरस्काराहून मोठे वाटते.

आणि त्या मुलीबद्दलही मला हे लिहिलेच पाहिजे की तिचे शिक्षण पुढे चालू राहिले ते पैशामुळेच. आठवीत असताना ती एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरांतील हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा उत्तीर्ण झाली. नववीची शाळा शेजारच्या गावात होती, घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि वर्षाला मिळणाऱ्या 12,000 रुपयांच्या आधारावर आजीने ती बोलणी थांबवली. त्या शिष्यवृत्तीने तिची अभ्यासातली गोडी मारली असे कोणी म्हणू लागले तर मी त्याच्याशी भांडेन. तीच गोष्ट उपस्थिती भत्त्याची. 1992 पासून वंचित घटकांतील मुलींना शाळेत येण्यासाठी दिवसाला एक रुपया देण्याची योजना सुरू झाली. त्या काळी त्या रुपयाने घरातल्या माणसांचे मन वळत असे. पुढे वर्षानुवर्षे तो एक रुपयाच राहिला, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

जोतीराव फुले यांनी हे किती नेमके ओळखले होते! 1882 मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात त्यांनी गरीब मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत असे सांगितले, ते त्यांच्यात शिक्षणाची गोडी उत्पन्न व्हावी म्हणून. प्राथमिक शिक्षकाला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असेही त्यांनी त्यातच मांडले. आणि परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला अजिबात उपयोगी नाही, हेही ठामपणे सांगितले. पोट भरेल इतका पगार द्या, दारापर्यंत येण्यासाठी मुलाला मदत द्या, पण निकाल मोजून पैसे वाटू नका, असा त्या निवेदनाचा अर्थ मी लावते. जोतीरावांची तसबीर वर्गात लावून आपण नेमके उलट करत आहोत. पगार वेळेवर होत नाही तेव्हा कोणाला घाई नसते, पण उपक्रमाचे फोटो संध्याकाळपर्यंत मोबाईलच्या गटावर टाकायचे असतात.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ती मुलगी पुढे पुन्हा वाचू लागली, बक्षिसामुळे नव्हे आणि माझ्यामुळेही नव्हे, तर धाकट्या भावाला झोपताना गोष्ट हवी असायची म्हणून. शिक्षकाचेही असेच असते. वर्गात एखाद्या मुलाने आपल्याला अडवले, चित्र चुकलंय असे सांगितले, की पुढचे कित्येक दिवस शाळेत जायला पाय आपोआप उचलतात. हे घडायला मोकळा वेळ लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील असे लिहिले आहे. उरलेले सगळे ओझे काढले तर मला कोणतेही सन्मानचिन्ह नको.

माझ्या मित्रयादीत तालुका आणि जिल्हा निवड समित्यांवर बसणारे काही जण आहेत. त्यांच्याकडे माझी मागणी आहे की यंदा प्रस्ताव मागवू नका. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी न कळवता वर्गात येऊन एक पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसावे, पालकांशी आणि मुलांशी बोलावे आणि नावे त्यांनी सुचवावीत. ते जमत नसेल तर निदान छायाचित्रांची अट काढा, आणि वाचनस्पर्धा घ्यायचीच असेल तर त्यातला पुस्तकांच्या संख्येचा रकाना वगळा. पुढच्या बैठकीत हे मांडण्यासाठी कोणाला लेखी मसुदा हवा असेल तर मला कळवा, मी या रविवारी तयार करून देते.