बीप वाजली म्हणजे ताप मोजून झाला का?

काका, नमस्कार.

'घरी ताप कसा मोजावा' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: डिजिटल थर्मामीटर भरवशाचा नाही, पाच मिनिटांत त्याच काखेत त्याने आधी ९७.३ आणि मग ९८.२ दाखवलं. काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवायचा, हे तुमच्या डॉक्टरांनी आयुष्यभर सांगितलं आणि मी ते उडवून लावलं. आणि आईने कपाळाला हात लावला की ताप कळायचा, मग हा खटाटोप कशाला? शेवटी 'लेखिकेने आधी स्वतः मोजून पाहावे' असा टोलाही आहे. तो लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. 'बीप वाजली की काढा' असं मी लिहिलं होतं. जिभेखाली ठेवलेल्या थर्मामीटरला ते चालतं, काखेत नाही. बीपचा अर्थ एवढाच की आकडा आता फारसा हलत नाही. काखेतली त्वचा आधी गार असते, हात दाबून धरला की हळूहळू तापते. आकडा इतका सावकाश चढतो की यंत्राला तो थांबलाच असं वाटतं. काल रात्री करून पाहिलं. बीप वाजली तेव्हा ९७.४. माझा थर्मामीटर बीपनंतरही मोजत राहतो, म्हणून तसाच दाबून पाच मिनिटं बसले, तर ९८.१! तेव्हा काखेतला घाम पुसा, टोक खळग्याच्या मधोमध ठेवा, मध्ये बनियन येऊ देऊ नका आणि बीप विसरून घड्याळ बघा. (तोंडात लावायचा असेल तर चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबा.)

पाऱ्याचा थर्मामीटर तुम्हाला खरा वाटायचा तो यामुळेच. त्याला बीप नव्हती, म्हणून आपण निमूटपणे पाच मिनिटं बसायचो. त्याची खोड वेगळी. फुग्याच्या वर नळी चिंचोळी केलेली असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही. झटकायला विसरलं की कालचा १०१ आज पुन्हा भेटीला हजर.

आता एक अंशाचं. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी भरतं, हे खरं. पण हा फरक प्रत्येकात आणि प्रत्येक वेळी सारखा नसतो. म्हणून बेरीज न करता दिसला तो आकडा लिहावा, शेजारी 'काखेत' आणि वेळ लिहावी, नि हिशेब डॉक्टरांवर सोडावा. गंमत म्हणजे ज्या ९८.६ ला गाठण्यासाठी आपण हा एक अंश मिळवतो, तो आकडाच मुळात काखेतला. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ साली तो मांडला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी माणसांचं तापमान जिभेखाली मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ आली. त्यातही पहाटे सर्वांत कमी, संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त. संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून 'अंगात कसर आहे' म्हणत पांघरूण घेऊन पडणारे आमच्याही घरात आहेत.

आईच्या हाताबद्दल माझा वाद अर्धाच आहे. आई 'ताप नाही' म्हणाली तर बहुधा नसतोच. 'आहे' म्हणाली तर मात्र मोजावं, कारण भांडी घासून आलेल्या गार हाताला कुणाचंही कपाळ गरम लागतं. उलट हुडहुडी भरलेली असताना हातपाय बर्फासारखे असतात आणि आत ताप चढत असतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर अंदाज नकोच. १०० पूर्णांक ४ किंवा वर दिसलं की रात्र असली तरी डॉक्टरांना गाठायचं, घरच्या घरी औषध पाजून वाट बघायची नाही.

कपाळावर रोखायच्या बंदुकीबद्दल आपलं एकमत आहे. कोरोनाच्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या फाटकावर एसी गाडीतून उतरलेल्या माणसाला ९४ दाखवून आत सोडायचे. ९४ अंशांचा माणूस चालत कसा आला, हे कुणीच विचारलं नाही! ती बंदूक त्वचेचा पृष्ठभाग मोजते. ऊन, पंखा, घाम, सगळ्याने आकडा बदलतो.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. एक विनंती: बरे असताना तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ एकाच काखेत मोजून, दुधाचा हिशेब लिहिता त्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा. तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा त्यातून सापडेल. आणि तो जुना पाऱ्याचा अजून शाबूत असेल तर नीट झटकून, डिजिटलनंतर लगेच त्याच काखेत पाच मिनिटं लावून बघा. दोन्ही आकडे इथे कळवाल का?