चिरेखाणीवर इंजिनाचं गणित चालत नाही

शरीर म्हणजे इंजिन आणि जेवण म्हणजे पेट्रोल, हे आता इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कोणी वाद घालत नाही. मला घालायचाय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्यात जांभ्याच्या खाणीवर राबणाऱ्या माणसाला ही उपमा महागात पडते.

ज्या काळाचं जे नवलाचं यंत्र, ते शरीर, असाच सगळा इतिहास आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या वेळी, 17व्या शतकात, राजाच्या बागेत पाण्याच्या जोरावर हलणारे पुतळे होते. त्याने मज्जातंतूंना नळ्या ठरवून टाकलं. वाफेचं इंजिन आलं आणि शरीर भट्टी झालं. हल्ली मेंदू कॉम्प्युटर असतो.

भट्टीची उपमा अगदीच टाकाऊ नव्हती, हे मान्य. लावाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1780 च्या दशकात गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, किती बर्फ वितळला ते मोजलं आणि कोळसा जाळून येणाऱ्या उष्णतेशी ताडून पाहिलं. आकडे बऱ्यापैकी जवळ आले. 1840 मध्ये रॉबर्ट मायर हा जहाजावरचा डॉक्टर जावाला पोचला. तिथे खलाशांच्या शिरेतून काढलेलं रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. उष्ण हवेत शरीराला ऊब राखायला कमी जाळावं लागतं, म्हणून प्राणवायू उरतो, असं त्याने ताडलं आणि तिथून उष्णता व काम एकमेकांत बदलतात या विचारावर आला. गंमत म्हणजे त्या लाल रंगाचं मोठं कारण वेगळंच असावं: उकाड्यात कातडीकडे रक्त जोरात वाहतं आणि प्राणवायू फारसा न देताच परततं. निष्कर्ष बरोबर, वाट चुकलेली.

खरी भानगड आहे ‘काम’ मोजण्याच्या रीतीत. ही रीत खाणीतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपांनी रुळवली: अमुक कोळशात किती वजनाचं पाणी किती फूट वर आलं. वजन गुणिले उंची. पंपाला हे माप चोख बसतं.

आता तेच माप चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याला, लावा. चिरा 30 किलोच्या आसपास धरू. जमिनीवरून ट्रकच्या हौद्यात, दीड मीटर. एका चिऱ्याला साधारण 440 ज्यूल. असे 200 चिरे चढवले तर 88 किलोज्यूल, म्हणजे जेमतेम 21 कॅलरी. एखादं ग्लुकोज बिस्किट! आणि चिरा डोक्यावर घेऊन खाणीत सपाटीवर 50 मीटर चाललात, तर या हिशेबाने काम शून्य.

स्नायू असं वागत नाही. ओझं नुसतं धरून ठेवलं तरी त्याच्या आतले मायोसिन या प्रथिनाचे हुकांसारखे आकडे सतत अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात आणि दर वेळी इंधन खातात. शिवाय दर चिऱ्याला वाकून उठताना स्वतःचं धडही उचलावं लागतं, ते कोणी मोजत नाही. वर तरफेचं गणित, जे बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने 17व्या शतकातच मांडलं: पाठीचे स्नायू मणक्यापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर ओढतात. चिरा 40 सेंटिमीटर पुढे धरला तर 30 किलोसाठी त्यांना 240 किलोचा ताण घ्यावा लागतो. जुना गडी चिरा पोटाला लावून उठतो तो त्यासाठीच.

शरीर उष्णतेवर चालणारं इंजिन नाही हे तर 19व्या शतकातच आडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं होतं. 37 अंशांचं शरीर आणि 30 अंशांची हवा यांतल्या फरकावर कुठलंही इंजिन सव्वादोन टक्क्यांहून जास्त काम काढू शकत नाही. स्नायू 20 ते 25 टक्के काढतो. 25 टक्के काढायला इंजिन असतं तर त्याला आत 130 अंशांच्या आसपास तापावं लागलं असतं. स्नायू रसायनातून थेट ओढतो; उष्णता ही त्याची उरलेली कटकट.

आणि कोकणात ही कटकटच जीव घेते.  जड कामात सतत 300-325 वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 2400 किलोज्यूल नेतो, म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम पुरेल. पण तो सुकला तर! किनाऱ्याच्या दमट हवेत बराचसा नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम गारवा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. नुसतं पाणी ढोसून भागत नाही ते यामुळे. मीठ घातलेली पेज किंवा मीठ टाकलेलं कोकम सरबत हवं.

घाटावरच्या कोरड्या उन्हाला सरावलेला मजूर इथे पहिल्या आठवड्यातच कोसळतो, आणि मुकादम त्याला कामचुकार म्हणतो. दमट उकाड्याला अंग सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांश काम, मग रोज तेवढीच वाढ, हा साधा नियम. नगावर मजुरी असेल तर तो कोणी पाळणार नाही. म्हणून माझं म्हणणं: मे महिन्यात नव्या माणसाला पहिला आठवडा रोजावर ठेवा, आणि दुपारी 12 ते 4 खाण बंद.