निकाल लागतो ओ, पण टिकतो कुठे?

झालं, परत सुरू झालं. २०२७ ला गोव्यात कोणाच्या किती सीटा, कोण पडणार, कोणाचं डिपॉझिट जाणार, ग्रुपवर रोज तेच. अरे बाबांनो, कशाला डोकं फोडून घेताय! आपल्याकडे निकाल लागला की मग खरं मतदान सुरू होतं, ते आमदार लोक आपसात करतात.

२०१७ आठवा जरा. ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३. सरकार कोणाचं? १३ वाल्यांचं. काँग्रेसवाले नेता कोण करायचा यावरच अडकून बसले आणि तोवर पर्रीकर दिल्लीहून येऊन मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) आणि गोवा फॉरवर्ड हे पक्ष, अपक्ष सगळ्यांची मोट बांधून मोकळे. गोवा फॉरवर्डने तर भाजपच्याच विरोधात मतं मागितलेली, मग त्या मतदारांनी काय करायचं, मत परत मागायचं?

मग २०१९. काँग्रेसच्या तेव्हाच्या १५ आमदारांमधले १० भाजपात, त्यात सगळ्यात पुढे खुद्द विरोधी पक्षनेते, आणि लगेच उपमुख्यमंत्री पण! म्हणून २०२२ ला काँग्रेसने उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रॉससमोर, दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ११ निवडून आले मार्चात, सप्टेंबरात ८ भाजपात. आणि शपथेचं काय विचारलं तर त्या आठांतले दिगंबर कामत म्हणे मी देवाला विचारलं. देव पण बिचारा काय बोलणार!

हिशोब बघा यांचा. १५ चे दोन तृतीयांश १०, ११ चे सातच्या वर, म्हणजे ८. एक पण जास्त नाही की कमी नाही. एकटा फुटला तर अपात्र आणि दोन तृतीयांश घोळक्याने फुटले की त्याला विलीनीकरण म्हणायचं, असला पक्षांतरबंदी कायदा! शाळेत गणितात किती मार्क होते यांना देव जाणे, पण हा भागाकार एकदम पक्का.

आणि इथे आम्ही रांगेत उभे. सांत आंद्रे मतदारसंघात २०२२ मध्ये ७६ मतांनी निकाल लागला, ७६! एका वाड्यानं वेगळं बटण दाबलं असतं तर आमदार बदलला असता. एवढंसं राज्य, एकेक मत मोलाचं, आणि आमदार मात्र ते मत खिशात घालून वाट्टेल तिकडे जाणार.

यावेळी दारात आले की जाहीरनामा नकोच मला, कुठल्या तारखेपर्यंत या पक्षात आहात तेवढं लिहून द्या म्हणणार. आणि प्लीज, ते ओपिनियन पोल फॉरवर्ड करू नका.