यात्रेला हसणाऱ्यांनो, एकदा नागद्वार चढून या

सकाळी सकाळी एक रील पाहिली आणि डोकं फिरलं. आपल्याच नागपूरचा पोरगा, मागे बर्फाचे डोंगर, आणि सांगतोय काय, तर ‘आपल्याकडच्या लोकांना यात्रा कळते, प्रवास कळत नाही. नागद्वारला धक्के खात जाणं म्हणजे ट्रॅव्हल नाही.’ (नागद्वार म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीच्या जंगलातली, गुहेपर्यंत पायी जायची नागपंचमीची यात्रा.) खाली हसऱ्या तोंडांची ही रांग. त्यात आपल्या ओळखीचेही चार जण.

अरे बाप्पा, घरी आजीला विचार ना, ती पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर कशासाठी पडली. महाल, इतवारी, पाचपावली, कुठलंही दार वाजव. नागद्वार नाहीतर तिथलाच चौरागडचा महादेव, हेच ऐकायला मिळेल.

आमच्या गल्लीतल्या काकूंचं सांगतो. पन्नाशीपर्यंत त्यांचं जग म्हणजे माहेर कळमेश्वर, सासर नागपूर आणि जमलं तर रामटेक. एका श्रावणात शेजारणी निघाल्या तशा याही उठल्या. सून म्हणाली, आई, तुम्हाला नाही जमणार. काकू म्हणाल्या, ‘काहून नाई जमत?’ आणि पिशवी भरली.

रीलवाल्यांना हे कळतच नाही की ती वाट कच्च्या लिंबूंची नाही. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातलं जंगल, नागपंचमीच्या आधीचे दहा-एक दिवसच उघडणारं, तेही ऐन पावसात. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून गाडी सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत पचमढीला चढते. सिल्लेवानीच्या घाटातच निम्मी गाडी खिडकीबाहेर तोंड काढते. कारण काय, तर पोटभर तर्री-पोहे खाऊन मागच्या बाकावर बसलेले असतात. मागच्या चाकाच्या पलीकडचा बाक वळणावर सगळ्यात जास्त झोकांड्या देतो. पुढची किंवा मधली जागा धरा, निघताना अर्धपोटी राहा, नजर दूर रस्त्यावर ठेवा.

पुढे पायी. चढाचं लोक फार घेऊन बसतात, पण चढात फक्त दम लागतो. माणूस मोडतो तो उतारावर. पाय बुटात पुढे सरकतो, नखं टोकाला आपटतात, संध्याकाळपर्यंत अंगठा काळा पडतो. नख निघालं की नवीन यायला वर्षभर. म्हणून उतरण्याआधी घोट्यापाशी नाडी आवळून बांधायची, म्हणजे टाच मागे राहते. यात्रेसाठी म्हणून नवे कोरे बूट घेणारे पहिल्या दिवशीच लंगडतात. ओला मोजा, कडक बूट, की घासून फोड आलाच. जुने, रबरी तळाचे, पायाला सवयीचे बूट घ्या. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. पाठीवर 4-5 किलोच्या वर काही नको. काठी चढताना कमरेएवढी पुरते, उतरताना छातीएवढी लागते, कारण ती आपल्याआधी खालच्या पायरीवर टेकली पाहिजे.

बायकांसाठी आणखी एक. सुती लुगडं भिजलं की जड होतं, पायाला चिकटतं आणि लोखंडी शिडीवर नेमकं स्वतःच्याच पायाखाली येतं. काकूंनी सिंथेटिक साडी नेसून ती पोटरीपर्यंत वर खोचली होती. गल्लीत असं कोणी केलं असतं तर चार दिवस बोलणं झालं असतं. तिथे कोणी पाहिलंही नाही.

ती शिडीच मला सांगायची आहे. ओलं लोखंड, खाली दरी, मागे रांग. काकू मधेच थांबल्या. हात घट्ट आवळले, पाय लटपटायला लागले. (हात आवळल्यानंच दमतात, वजन पायांवर ठेवायचं, हातांनी फक्त तोल.) खालून कुठल्यातरी अनोळखी पोरानं ओरडून सांगितलं, ‘आजी, खाली नका पाहू, समोरचा दांडा पाहा. एका वेळी एकच.’ चढल्या. वर बसल्या, पाणी प्यायल्या आणि गुहेचं नावही न काढता पहिलं काय विचारलं? ‘याच्या पुढं काय हाय?’

आता सांगा, ह्याला ट्रॅव्हल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

हो, कबूल. प्लास्टिकचा कचरा होतो, भोंगे वाजतात, वाघाच्या जंगलात एवढी माणसं सोडावीत का हा प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न मनालीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून विचारू नका. आणि गर्दीचंच म्हणाल तर नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा साहेबाचं सगळं सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवायचं. ते झालं हिल स्टेशन. आपली मावशी गेली की धक्काबुक्की!

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या पोरालाही कुठेतरी अशीच एखादी शिडी भेटली असणार, म्हणूनच तो घर सोडून फिरतोय. त्याची बर्फात होती, एवढंच. मला वाईट वाटतं ते त्याला काकूंची शिडी दिसत नाही याचं. कारण त्या एका प्रश्नानंतर काकू थांबल्या नाहीत. शेगाव एकट्या केलं. मग रामेश्वर. आता गल्लीतल्या बायकांची तिकिटं त्याच काढतात. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं हे त्यांना तारखेनिशी ठाऊक असतं. गुडघेवालीला स्लीपरमध्ये 1, 4, 7 असले खालचे बर्थ मिळतील ते बघायचं, तरण्या पोरींना 3 आणि 6 वर धाडायचं. सून आता विचारते, आई, मी येऊ का?

मेसेंजरवर दोघातिघांनी यंदाचं विचारलंय, म्हणून इथेच. मोबाईलला आत रेंज धरू नका. वर चढायच्या आधी ‘चुकलो तर अमक्या मंडळाच्या पेंडॉलपाशी’ असं तोंडी ठरवा आणि लहान पोरांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. सेवा मंडळांचं जेवण गरम असतं, प्रेमानं वाढतात, तरी चढाआधी दोन घास कमीच. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट 1 लिटर पाण्यात. ते नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका, त्यानं त्रास वाढतो. बॅटरी कपाळाला बांधायची घ्या, हात मोकळे राहतात.

रीलवाल्या भाऊला टॅग करणार होतो, आता नाही करत. यायचं असेल तर ये रे. पायाची नखं मात्र निघायच्या दोन-तीन दिवस आधी काप, त्याच दिवशी नको.