गाडी गेली की बेडूक ऐकू येतात

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "रस्ता रुंद होणार असेल तर एका वडासाठी कशाला गळे काढायचे?" खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

गेल्या रविवारी आईला घेऊन लोकलने लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेले होते. भाजे लेण्यांच्या पायऱ्या आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आम्ही नुसत्या गाड्या बघायला गेलो होतो. फलाटाच्या टोकाला बसलो. समोर भाताची खाचरं, लोहगड-विसापूर ढगात. लांबलचक मालगाडी आली. आई कंटेनर मोजायला लागली, तिसाच्या पुढे घोटाळा झाला, तर माझ्यावरच चिडली. "तू मधे बोललीस म्हणून!" खाचरातल्या बगळ्याने मानसुद्धा वळवली नाही. शेवटचा डबा गेला, खडखड विरली आणि बेडूक पुन्हा ऐकू यायला लागले.

मग भाज्याच्या वाटेला थोडं चाललो. तिथे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरचा पूल लागतो. पुलावर आई काहीतरी म्हणाली, मला ऐकूच आलं नाही. खाली सहा लेन, आणि क्षणाची उसंत नाही. रेल्वे आवाज करते आणि निघून जाते हो! या रस्त्याचा आवाज कधी जातच नाही. तिथे बेडूक असतीलही, कोणाला कळणार?

रेल्वेनेही डोंगर फोडलेच की, असं कोणीतरी म्हणेलच. फोडले. बोरघाटात हजारो मजूर मेले, तेही खरं. पण 1863 साली सुरू झालेल्या त्या घाटातून, 37 फुटांना एक फूट अशा चढावर, मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावून आजही गाड्या चढतायत. एक्स्प्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाला. रविवारी संध्याकाळी तिथे काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. तरी आपल्याला अजून रस्ताच हवा, आणि त्यासाठी वड द्यायचा!

पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावतेय. तिसऱ्या-चौथ्या रेल्वे मार्गिकेचं वर्षानुवर्षं ऐकतोय. त्याबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही. उड्डाणपुलाचं नाव काढलं की सगळे खडबडून जागे. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला गाडी लागते, मान्य. आमच्याकडेही आहे. पण रोज एकेका माणसासाठी एकेक गाडी काढायची आणि वर झाडालाच अडथळा म्हणायचं, हे मला पटत नाही, पटणारही नाही. ग्रुपवर हे सगळं लिहिणार आहे. राग येईल त्याला येऊ दे.

आईला मात्र त्या पुलाचं काही नाही. ती अजून कंटेनरवरच अडकलीये, "चाळीस तरी होते गं." काल म्हणाली, घाट बघून किती वर्षं झाली. मघाशी डेक्कन क्वीनची दोन तिकिटं काढली. सकाळी सव्वासातची गाडी आहे, म्हणजे ती पहाटे चारपासून मला उठवत बसणार.