सुमो पैलवान, गाद्या आणि २२ इंच

आमच्या माहेरच्या ग्रुपवर रविवारी दादाने एक फॉरवर्ड टाकला. वर 'सत्य जाणून घ्या', मधे आइस हॉकीच्या गोलरक्षकाचा फोटो, खाली हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. म्हणणं थोडक्यात असं: या माणसाच्या अंगावर गाद्या बांधलेल्या असतात, कौशल्य शून्य, त्याच्या जागी सुमो पैलवान उभा केला तर एकही गोल होणार नाही, गाद्यांच्या आकाराला नियम नाही, त्या दरवर्षी वाढतात, म्हणून गोल कमी झाले, आणि पूर्वीचे मर्द मास्कशिवाय खेळायचे, आताचे भित्रे.

एरवी मी असलं वाचून पुढे सरकते. पण माझी ११ वर्षांची लेक इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये गोलरक्षक आहे, आणि तिला अडखळत का होईना, मराठी वाचता येतं. मंगळवारी सरावाला निघताना गळपट्टी हातात धरून विचारते, "आई, मामा म्हणतो तशी मी भित्री आहे का गं?" त्यामुळे आता उत्तर सगळ्यांसमोरच.

आधी सुमोचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, याचा इतका अस्सल नमुना मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. गोलचं जाळं ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल. तिच्या नियमपुस्तकातला ११वा नियम फक्त गोलरक्षकाच्या साहित्याचा आहे, कुणालाही वाचता येतो. त्यात पायाच्या पॅडची रुंदी जास्तीत जास्त ११ इंच. दोन पायांचे झाले २२. जाळं ७२ इंचांचं. उरलेले ५० इंच कोण झाकणार, दादा? पैलवान अडीच फूट रुंद धरू. चल, तीन धरू. तरी निम्मं जाळं उघडंच.

आमच्या गॅरेजच्या दारावर निळ्या चिकटपट्टीने ६ बाय ४ चा चौकोन केलाय. त्यात मी उभी राहिले, आणि मी काही चवळीची शेंग नाही. लेक समोर वीसेक फुटांवर काठी टेकून उभी. "डाव्या खांद्यावरून जाईल. उजवा खालचा कोपरा. पायांमधून." तिला भोकंच भोकं दिसत होती. मग म्हणाली, "आता दोन पावलं पुढे ये." आले, तर म्हणे आता फारसं काही दिसत नाही. याला इथे कोन कापणं म्हणतात. पुढे सरकलं की मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचं जाळं लहान होतं. मला वाटलं, जमलं की! तेवढ्यात ती चार पावलं बाजूला सरकली आणि अख्खं दार तिच्यासाठी मोकळं झालं. मी वळेपर्यंत गोल झालाही असता. खऱ्या सामन्यात तर चार पावलांचीही गरज नसते, बाजूच्या खेळाडूला एक पास दिला की झालं. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा फटका १० मीटरवरून जाळ्यापर्यंत यायला पाव सेकंद घेतो. सुमो पैलवान चपळ असतात, नाही असं नाही. पण बर्फावर, स्केट घालून, गुडघ्यावर पडून, उठून, पुन्हा पलीकडच्या खांबाशी? पाव सेकंदात?

नियम नाही, या मुद्द्याचा निकाल वर लागलाच. नुसती पॅडची रुंदी नाही, झेल घेण्याच्या ग्लोव्हचा परीघ ४५ इंच, दुसऱ्या हातातल्या ब्लॉकरची, म्हणजे फटका अडवायच्या चौकोनी ढालीची, मापं ८ बाय १५ इंच, सगळं लिहिलेलं आहे.

दरवर्षी वाढतात, हे मात्र वेगळं प्रकरण. दादा स्वतः नाशिकच्या मैदानांवर विकेटकीपिंग करायचा, त्याला हे आवडेल: १८९६ मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे इथल्या आइस हॉकीतल्या सगळ्यात मानाच्या चषकाच्या सामन्यात विनिपेगचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट उतरला तो क्रिकेटचे पॅड बांधून. पुढे १९२०च्या दशकात, इथून तासाभरावर असलेल्या हॅमिल्टनमध्ये, घोड्यांचे साज बनवणाऱ्या केनेस्की नावाच्या कारागिराने रुंद चामडी पॅड शिवले. आत हरणाचे केस आणि सावरीसारखा कापूस. सामना संपेपर्यंत ते पाणी पिऊन जड व्हायचे. त्याच दशकात लीगने रुंदी १२ इंचांवरून १० वर आणली. १९८९ मध्ये पुन्हा १२ केली. २००५ मध्ये ११. म्हणजे वाढले, घटले, वाढले, घटले.

एक गोष्ट कबूल करते, जिवावर येतंय तरी. नव्वदच्या दशकात आणि २००४ पर्यंत चाललेला प्रकार लाजिरवाणा होता. हलका फोम आल्यावर मोठं साहित्य जड राहिलं नाही, आणि काही गोलरक्षकांचे खांदे असे दिसायचे की शर्टात हँगर राहिलाय. लीगला ते दिसत होतं. म्हणून तर २००५ ची कपात झाली. मग मांडीवर येणारा पॅडचा भाग गोलरक्षकाच्या स्वतःच्या मापाशी बांधला आणि २०१३ मध्ये आणखी कापला. २०१७ मध्ये पँट, २०१८ मध्ये छातीचं चिलखत. फॉरवर्डमधला फोटो बहुधा त्या जुन्या काळातलाच आहे. वीस वर्षांचं शिळं ताज्या बातमीच्या ताटात.

'म्हणून गोल कमी झाले' यात निम्मं खरं, निम्मं सोयीचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एनएचएलमध्ये १०० पैकी ८७-८८ फटके अडवले जायचे. २००३-०४ मध्ये, १२ इंची पॅडच्या शेवटच्या हंगामात, ९१. पॅड अरुंद झाल्यानंतर, २०१५-१६ मध्ये? साडेएक्याण्णव. हल्ली पुन्हा ९० च्या आसपास. आकारानेच सगळं ठरत असतं तर हे गणित उलटं यायला हवं होतं. मधल्या काळात गोलरक्षक उंच झाले, त्यांना वेगळे प्रशिक्षक मिळाले, आणि नावाजलेला गोलरक्षक पॅट्रिक रॉय याच्यानंतर गुडघ्यांवर बसून दोन्ही पाय बाहेर पसरायची 'बटरफ्लाय' पद्धत सगळीकडे गेली. त्यात पॅड बर्फावर आडवा पडतो, म्हणजे त्याची रुंदी ही झाकलेली उंची होते. त्या एका इंचासाठी भांडणं होतात ती यासाठी.

आता मर्दांचं. यावर मला खरा राग आहे, कारण गळपट्टीचा प्रश्न यातूनच आला.

पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन १५६ ते १७० ग्रॅम, सामन्याआधी गोठवलेली. बरीच वर्षं मास्कशिवाय खेळलेल्या गोलरक्षक टेरी सॉचकच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत ४०० च्या आसपास टाके पडले. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर बसला. टाके घालून घेतले आणि तो म्हणाला, मास्क लावल्याशिवाय परत जाणार नाही. प्रशिक्षक टो ब्लेकला मास्क अजिबात नको होता, पण बाकावर दुसरा गोलरक्षक नव्हता. प्लांट मास्क लावून खेळला, माँट्रियल जिंकलं, आणि त्या हंगामाचा स्टॅनली कपही त्यांनीच नेला. हा भित्रा?

आणि गळा. २२ मार्च १९८९ ला बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मालारचक याच्या गळ्याची नस स्केटच्या पात्याने कापली गेली. बर्फावर रक्ताचं थारोळं. तो वाचला तो संघाच्या फिजिओने नस दाबून धरली म्हणून. इथे लहान मुलांना गळपट्टी सक्तीची आहे, हौस म्हणून नव्हे. लेकीला मी एवढं सविस्तर सांगितलं नाही. तिच्या गळपट्टीचं वेल्क्रो मागून लावलं, आणि गेल्या महिन्यात फासळीवर उमटलेला रुपयाएवढा निळा डाग दाखवून म्हटलं, हा चिलखत असताना झालाय.

ती गेली सरावाला. परत आल्यावर पॅड तळघरात वाळत घातले. त्या वासाबद्दल एखादा फॉरवर्ड आला तर मी शब्दही खोडणार नाही. तिचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुन्हा मोजला. आताचे पॅड आखूड पडायला लागलेत, पुढच्या हंगामाला एक माप मोठे घ्यावे लागतील. तर हो दादा, आमच्या घरी ते दरवर्षी वाढतात.