लंपन, 'संवादु अनुवादु' आणि आमची बेळगावी मराठी

गेल्या दोन महिन्यांत प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही लंपन नावाच्या शाळकरी मुलाच्या कथांची चारही पुस्तके मी ओळीने वाचली आणि त्यांच्या पाठोपाठ कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णी यांचे 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन वाचले. एकीकडे कथा, दुसरीकडे आत्मकथन; पण दोन्हींची मुळे आमच्या बेळगावच्या मातीत आहेत आणि दोन्हींत मराठीला कन्नडचा शेजार आहे, म्हणून ती एकापाठोपाठ वाचावीत, असे मला येथील वाचकांना आग्रहाने सांगायचे आहे.

'वनवास' १९९४ साली आले तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होते. (बोलताना मी 'शिकवत होतो' असेच म्हटले असते, आमच्याकडच्या बायका तसेच बोलतात.) तेव्हा मी ते लहान मुलाचे गोड पुस्तक म्हणून वाचले आणि बाजूला ठेवले. आता वाचताना मात्र आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या त्या मुलाचे एकटेपण ओळीओळीत जाणवले. स्वतः संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. पण आजोळी दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री ते भालचंद्र गोपाळ दीक्षित झाले. हे ठाऊक असले की लंपन आपले दुःख थेट न सांगता झाडे, रस्ते आणि आवाज यांच्याविषयीच का बोलत राहतो, ते अधिक उमगते.

या कथांतील भाषेवर तर एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. लंपनच्या मित्रांची नावेच पाहा: कणबर्गी गंग्या, जंब्या कटकोळ. इतरांना ती केवळ गमतीदार वाटत असतील. आम्हाला मात्र कणबर्गी हे शहराला लागून असलेले गाव आणि कटकोळ हे रामदुर्ग तालुक्यातले, हे लगेच कळते, आणि गंग्याच्या आधी त्याचे गाव लावण्याची कन्नड रीतही ओळखीची असते. चारही पुस्तके सलग वाचली तर लंपनचे ऊठसूट येणारे 'मॅडसारखं' हे पालुपद पुढेपुढे थोडे सवयीचे होऊन जाते, हे कबूल करायला हवे. म्हणून दोन पुस्तकांमध्ये आठवडाभराचे अंतर ठेवावे. २०२४ मध्ये आलेली वेबमालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांनीही मूळ कथा वाचाव्यात, कारण लंपनच्या मनातली बडबड खरी ऐकू येते ती कागदावरच.

माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'मी येतो' म्हणाली म्हणून वर्गात हशा पिकला. तिने 'जाऊलालोय', 'करूलालोय' (म्हणजे जातेय, करतेय) ही आमची रूपे सोडली आणि घरी फोनवरही ती जपून, पुस्तकी बोलू लागली. तिला मी 'पंखा' पाठवला. दहाव्या दिवशी तिचा फोन आला, तो 'आई, काय करूलालीस?' या प्रश्नानेच.

'संवादु अनुवादु'ची गोष्ट वेगळी. उमाताईंचा जन्म बेळगावचा. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून देत आणि त्या ते ऐकून मराठीत उतरवत. शिवराम कारंत आणि भैरप्पा हे कन्नड कादंबरीकार मराठी घरांत पोहोचले ते बऱ्याच अंशी या कानाने घेतलेल्या कन्नडमुळे, आणि भैरप्पांच्या 'वंशवृक्षा'च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. पुस्तकात माणसे आणि भेटीगाठी फार आहेत, काही पाने मी भराभर उलटली. परंतु अनुवादाच्या कामाविषयी त्या बोलू लागल्या की हातातले पुस्तक खाली ठेववत नाही. बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्याच्या ओसरीवर आपण कन्नड रोज कानाने घेतो; त्यातून साहित्य उभे राहू शकते, हे मला या वयात प्रथमच इतके स्पष्टपणे कळले. भाषेसाठी आम्ही भांडलो, आणि भांडावे लागलेही. पण त्या भरात आपल्या मराठीतले कन्नड शब्द दोष म्हणून लपवायला शिकलो, आणि मीही वर्गात मुलांच्या वह्यांतील असे शब्द लाल शाईने खोडले. आज ते खोडले नसते.

लंपन आवडला तर संतांच्या पत्नी डॉ. सुप्रिया दीक्षित यांचे 'अमलताश' हे आठवणींचे पुस्तकही वाचावे. मात्र कथा वाचून झाल्यावर, आधी नव्हे.

बेळगावच्या शहापूर भागात किंवा जवळपास राहणाऱ्या कुणाला ही पुस्तके हवी असतील तर संध्याकाळी घरी येऊन घेऊन जावीत. 'पंखा' तेवढा मागू नये. तो अजून पुण्यातच आहे आणि मुलीच्या खोलीत हातोहात फिरतो आहे.